सुंदररावांच्या फ्लेक्सवरचा चौकोन

केजजवळच्या युसूफ वडगावात छबुबाईच्या खानावळीत जेवायला जाताना पोटात भूक आणि कानात बोळे, दोन्ही घेऊन जावं, असं लोक म्हणतात. भाकरी पापुद्रा सुटलेली, पिठलं चुलीवरून थेट ताटात, शेंगदाण्याची चटणी अशी की माणूस बोटं चाटत राहावा. पण बाईच्या तोंडाचा पट्टा सुटला की तोच माणूस हात न धुता पळायला बघतो. जास्तीची भाकरी मागणाऱ्याला ती भाकरी वाढते आणि वाढता वाढता विचारते, "घरी बायको उपाशी ठिवती का रे?" एका बँकेच्या साहेबानं एकदा भाकरी जरा करपलीय म्हणून नाक मुरडलं. तिनं त्याच्या पुढचं ताट उचललं आणि म्हणाली, "जा, बँकेत बसून नोटा चाव." साहेब गेला, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं परत आला.

बाई वरून फणसासारखी असली तरी आतून गोड असेल, अशी कुणाची समजूत असेल तर ती इथंच सोडलेली बरी. छबुबाई आतबाहेर सारखीच आहे. जिंदगीनं तिला गोड व्हायची सवड कधी दिली नाही. ऐन उमेदीची सगळी वर्षं ती नवऱ्याबरोबर उसाच्या फडात राबली. फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा गेला आणि ती अर्धा कोयता झाली. अर्ध्या कोयत्याला कोणता मुकादम उभा करतो? तेव्हा बसथांब्यामागच्या पत्र्याच्या खोलीत तिनं चूल मांडली. खानावळ चालली तर ती माणूस, नाहीतर पुन्हा अर्धा कोयता, हा हिशेब तिच्या डोक्यात पक्का होता. फडाचं नाव काढलं की आजही तिच्या कपाळाची शीर उडते.

अशा बाईचं आणि सुंदररावांचं जमणं शक्यच नव्हतं. सुंदरराव म्हणजे गावचे अण्णा. बागायत जमीन, दोन ट्रॅक्टर, पांढरी गाडी, आणि त्या गाडीमागं फटफटीवरून फिरणारी पोरं. मागच्या निवडणुकीत त्या पोरांचं जेवण छबुबाईकडं सांगितलं होतं. तिनं चूल पेटवायच्या आधीच पैशासाठी हात पुढं केला. "अण्णांची माणसं हायेत," पोरं म्हणाली. "मग अण्णांच्या घरी जेवा," ती म्हणाली. पोरं उपाशी परत गेली आणि गावभर हसं झालं. अण्णा निवडून आले, पण ते हसणं काही विसरले नाहीत.

निकालानंतर आठवडा झाला नसेल, खानावळीच्या बरोबर समोर, रस्ता आणि तिचं दार यांच्या मधोमध लोखंडी सांगाडा उभा राहिला. खाली काँक्रीट, वर जाड अँगल. त्यावर अण्णांचा फ्लेक्स चढला आणि रस्त्यावरून खानावळ दिसायची बंद झाली. छबुबाई भांडली, रस्त्यात आडवी बसली, अण्णांच्या सात पिढ्या उद्धरल्या. उपयोग शून्य. आपल्याकडं देवळाचा कळस हलवता येईल, पण पुढाऱ्याचा फ्लेक्स हलवायची कुणाची छाती नाही. वाढदिवसाचा उतरला की पोळ्याचा चढे, पोळ्याचा उतरला की नवरात्राचा, आणि काहीच नसलं तर कुठल्या तरी भाच्याच्या निवडीबद्दल अभिनंदनाचा. सांगाडा उघडा म्हणून कधी राहिला नाही.

गावातली नेहमीची माणसं वळसा घालून येत. पण खानावळ काही गावातल्या माणसांवर चालत नाही. एसटीतून उतरणारे, ट्रकवाले, बदलून आलेले मास्तर, यांना तिथं खानावळ आहे हेच कळेना. पितळी पातेलं अर्धं भरायला लागलं, मग पाव. दुपारी चूल विझवून छबुबाई त्या फ्लेक्सच्या पाठीकडं बघत बसायची. मागून फ्लेक्सला चेहरा नसतो, नुसतं पांढरट कापड वाऱ्यानं फडफडत असतं. ते बघून बघून तिच्या मनात असा राग साठला होता की रात्री दात खाण्याचा आवाज भाचीला ऐकू यायचा.

ही भाची म्हणजे राजनंदिनी, छबुबाईच्या भावाची मुलगी. आईबाप कारखान्यावर ऊस तोडायला, म्हणून लहानपणापासून आत्याकडं वाढलेली. केजच्या कॉलेजातून बीकॉम झाली होती आणि आत्याच्या शिव्या खात भाकऱ्या थापत होती. तिनं एक दिवस मोबाईल पुढं धरला.

"आत्या, आपन स्कॅनर करू."

क्यूआर कोडला आपल्याकडं सगळे स्कॅनरच म्हणतात. छबुबाईनं त्या काळ्या ठिपक्यांच्या चौकोनाकडं बघितलं. "पैशाचा हाय की एक भिंतीला. आनी कावून?"

"ह्यो पैशाचा न्हाई. ह्याच्यात आपलं नाव, आज काय केलंय ते, फोन नंबर, सगळं. मोबाईल धरला की उघडतंय."

"जेवन तोंडानं करत्यात का मोबाईलनं?"

पण धंदा बुडत होता, आणि बुडत्याला काडी काय नि चौकोन काय. राजनंदिनीनं केला. आणि शिकलेली असूनही, खरं सांगायचं तर, पहिल्यांदा माती खाल्ली. चौकोन छापला आणि चिकटवला कुठं, तर खानावळीच्या आतल्या भिंतीवर. आत आलेल्या माणसाला खानावळ कुठं आहे हे सांगून काय उपयोग? शिवाय पान उघडायला इतका वेळ लागे की तोवर माणूस जेवून ढेकर देई. तिनं भाकरीचे, चुलीचे, आत्याचे ढीगभर फोटो घातले होते, आणि वडगावचं नेटवर्क म्हणजे आलं तर आलं.

"काड ते माझं थोबाड त्याच्यातून," छबुबाई ओरडली. "माझं तोंड बगून कोन जेवायला येतंय?"

यात तथ्य होतं. राजनंदिनीनं सगळे फोटो काढून टाकले आणि चार ओळी ठेवल्या. पान चटकन उघडायला लागलं. मग चौकोन रस्त्यावर नेला, लाइटच्या खांबावर. पोरं फाडतील म्हणून इतक्या उंच लावला की स्कॅन करायला उंट लागला असता. खाली आणला तर एकीकडं मूळव्याधीची जाहिरात, दुसरीकडं प्लॉट विकणे आहे, आणि मधे हा चिमुकला चौकोन, खाली नुसतं 'स्कॅन करा'. कशासाठी करा, करून काय मिळेल, काही नाही. लोक त्याच्यापासून चार हात लांब उभे राहायचे. स्कॅन केलं की खात्यातले पैसे उडतात, ही धास्ती आता बांधाबांधावर पोचलेली आहे. एक म्हातारा तर बायकोला ओढून नेत म्हणाला, "बगू बी नको तिकडं."

"झालं तुजं शिक्षान?" छबुबाईनं विचारलं. "रस्त्यावरच्या परक्या चौकोनावर कोन भरोसा ठिवंल? लोकं एकालाच भितेत हितं. त्या अण्णाच्या थोबाडावर लाव जा."

हे ती रागानं बोलली होती. रागात माणूस कधी कधी शहाण्यासारखं बोलतो. राजनंदिनीच्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

त्याचं कारण असं. फ्लेक्सची आपली एक उतरंड असते. सगळ्यात वर देव आणि महापुरुष. त्याखाली वरचे साहेब. मधे पोटभर जागा घेऊन स्वतः अण्णा, खांद्यावर उपरणं, कानाला मोबाईल. आणि तळाला, अण्णांच्या पायाशी, शुभेच्छुकांची चिल्लर तोंडं. त्या तळाच्या ओळीत कोण डावीकडं, कोण उजवीकडं, यावरून डोकी फुटतात. नवरात्राच्या फ्लेक्सवर उजव्या टोकाला हनुमान नावाचा कार्यकर्ता होता. त्यानं चारचौघांत अण्णांना एक प्रश्न विचारला, गावच्या पाण्याबद्दल. दुसऱ्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर पांढरा कागद चिकटला. नवा फ्लेक्स कशाला करा, नुसतं तोंड झाकलं की भागतं. खाली नाव तसंच राहिलं, वर चेहऱ्याच्या जागी पांढरा चौकोन. आणि तो नेमका माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर होता.

दुपारी फ्लेक्सची सावली रस्त्याच्या अंगाला पडते. एसटीची वाट बघणारे त्या सावलीला उभे राहतात आणि मोबाईल काढतात.

राजनंदिनीनं या वेळी घाई केली नाही. चौकोन तळहाताएवढा केला. काळा तो काळाच ठेवला, भोवती पांढरी जागा सोडली. चकचकीत कागदावर उन्हाची तिरीप येते म्हणून साधा कागद घेतला. आधी स्वतःच्या मोबाईलनं, मग समोरच्या दुकानातल्या योगितावहिनीच्या जुन्या फुटक्या मोबाईलनं बघितलं, उघडतो का. खाली लिहिलं, 'आज काय आहे? इथे बघा.' आणि भर दुपारी, रस्ता पेंगत असताना, जाऊन हनुमानाच्या चेहऱ्यावर चिकटवून आली.

"काडतील की गं उद्या," छबुबाई म्हणाली.

उद्या गेला, परवा गेला, आठवडा गेला, कुणी हात लावला नाही. जो चौकोन खांबावर लोकांना चोर वाटत होता तोच अण्णांच्या पायाशी गेल्यावर सरकारी झाला. अण्णांच्या फ्लेक्सवर आहे म्हणजे अण्णांनीच लावला असणार! काहीतरी योजना असेल, अनुदान असेल, निदान स्कॅन केलेलं अण्णांना कळत असेल. लोक रांगेनं मोबाईल धरायला लागले. आणि उघडायचं काय?

'छबुबाईची खानावळ. या फ्लेक्सच्या मागे. आज पिठलं, भाकरी, येळवणीची आमटी. गरम आहे, लवकर या.'

मास्तर हसले, ट्रकवाले हसले, आणि हसत हसत फ्लेक्सला वळसा घालून आत आले. गावकऱ्यांना सगळं उमगलं होतं, पण गाव मिठाची गुळणी धरून बसलं. पुढाऱ्याची फजिती फुकटात बघायला मिळत असेल तर ती कोण मोडतो? छबुबाईचं पातेलं पुन्हा भरलं. तिनं कौतुकाचा एक शब्द काढला नाही. फक्त रोज सकाळी भाचीला विचारू लागली, "आज काय केलंय ते घातलंस का त्यात? काल शिळं ठिवलंतंस, लोकं भरीत मागायलीत."

"आत्या, चौकोन तोच राहतो. आतलं आपन पायजे तवा बदलायचं. दार एक, आत काय मांडायचं ते आपल्या हातात."

"मग मांड की नीट."

आता तुम्ही म्हणाल, अण्णांच्या माणसांना दिसलं नाही का? दिसलं की. बजरंगला दिसलं. बजरंग म्हणजे अण्णांचा उजवा हात, फ्लेक्स उतरवणं-चढवणं त्याच्याकडं. त्यानं स्कॅनही केलं. पिठलं-भाकरी वाचून तो चक्रावला. आणि मग आपल्या भागातला कोणताही कार्यकर्ता करील तोच विचार त्यानं केला, की अण्णांनी त्या बाईशी आतून मिटवलेलं दिसतंय, आणि नेहमीप्रमाणं आपल्याला सांगितलेलं नाही. अण्णांना जाऊन विचारावं? हनुमानानं विचारलं होतं. त्या विचारण्याची जागा पांढरी होऊन समोर दिसत होती. बजरंग गप्प बसला. सुंदरराव स्वतः रोज तिथून गाडीतून जात, पण फ्लेक्सवर त्यांची नजर आपल्या फोटोखाली कधी उतरतच नसे.

बजरंगचं गप्प बसणं इथवर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण दिवाळीच्या तोंडावर अण्णांचा वाढदिवस आला. या वेळी फ्लेक्स एक नव्हता, वडगावापासून नांदूरघाटापर्यंत प्रत्येक फाट्यावर एक होता. केजच्या फ्लेक्सवाल्यानं नमुना दाखवला. बजरंगनं तळाची ओळ तपासली आणि ओरडला, "ते चौकोन कुटंय बे?"

"कसला चौकोन?"

त्यानं मोबाईलमधला फोटो दाखवला. "ह्यो. अण्णांचा हाय. ऱ्हायला तर तू बी मरशील आनी मी बी. जरा मोठा घे."

फ्लेक्सवाल्यानं मोठा घेतला. अशा रीतीनं सुंदररावांनी स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या वाढदिवसाला, अख्ख्या रस्त्यावर छबुबाईची जाहिरात लावली. राजनंदिनीनं आतला पत्ता बदलून 'वडगाव, बसथांब्यामागे' केला, आणि नांदूरघाटची पोरं फटफटीवर बसून धपाटे खायला येऊ लागली. बारशांची, जावळांची जेवणं फोनवर सांगितली जाऊ लागली. छबुबाईनं चुलीशेजारी दुसरी चूल मांडली. तरीपण समोरचा सांगाडा होताच. आणि त्यावरचा नवा फ्लेक्स आधीच्यापेक्षा हातभर उंच होता.

बिंग फुटलं ते नांदूरघाटला. वरचे साहेब दौऱ्यावर आले होते, चहा येईपर्यंत फ्लेक्सपाशी उभे होते. नव्या गोष्टींची हौस असलेला माणूस, त्यांनी मोबाईल धरला. वाचलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "सुंदरराव, आज शेंगोळे आहेत म्हणे!"

सुंदररावांनी वाचलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला, पण पुढारी उगाच होत नाही माणूस. एका श्वासात त्यांनी रंग परत आणला. "आपलीच बाई हाय, साहेब. विधवा, गरीब. म्हनलं आपल्या फ्लेक्सवर जरा जागा द्यावी, तिचं पोट चालंल."

"वा! महिलांना रोजगार! सत्कार करा तिचा, फोटो टाका. मी पुढं पाठवतो."

गाडीत बसल्यावर अण्णांनी बजरंगला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी बजरंग पडल्या चेहऱ्यानं खानावळीत आला.

"मावशी, उद्या सकाळी अण्णा येनार हायेत. तुमचा सत्कार हाय. चांगलं लुगडं नेसा."

"कसला सत्कार बे?"

"अण्णांनी तुमाला फ्लेक्सवर जागा दिली त्याचा. आनी आता स्कॅनरच्या शेजारी तुमचा फोटो बी घेनार हायेत, शुभेच्छुकात."

छबुबाईच्या हातात उलथणं होतं. बजरंग उंबऱ्याबाहेर सरकला आणि तिथून म्हणाला, "न्हाई मनू नका, मावशी. न्हाई मनलं तर समदे चौकोन झाकाया सांगितलंय."

तो गेला आणि आत्या-भाचीची जुंपली. राजनंदिनीचं म्हणणं सरळ होतं. शाल घ्यावी, नारळ घ्यावा, मान हलवावी. धंदा राहील, अण्णांचं भय जाईल, फ्लेक्सवर फोटो आला तर आला. नाही म्हटलं तर उद्या चौकोन जातील, खानावळ पुन्हा फ्लेक्सआड जाईल, आणि मग?

"आनी मग फड हाय आत्या. तुला बी आनी मला बी. माझी आई अजून तितंच हाय."

छबुबाईनं चुलीतली लाकडं मागं ओढली. तिला फड दिसत असणार. पहाटेच्या थंडीत ओला पाला, डोक्यावर मोळी, वर ट्रकवाल्याच्या शिव्या. मग ती बोलली, आणि आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"त्यानं माझ्या दारापुडं भित घातली. आपन भितीला भोक पाडलं. आता ह्यो मनतो, भोक मीच पाडलं, माझ्या पाया पड. मी भुकी मरंन, पर त्याच्या पायाशी माझं तोंड लावनार न्हाई. न्हाई मंजी न्हाई."

"मग काय करायचं?"

"सत्कार घ्यायचा," छबुबाई म्हणाली. "उद्या रस्त्यावर उभी ऱ्हाऊन हिकडचा एक फोटो काड. आनी मी सांगते ते लिहायचं. न्हाई जमलं तर फडावर जाऊ दोगीबी, पर ते आपल्या पायानं जाऊ."

सकाळी सांगाड्यापुढं खुर्च्या पडल्या. कर्णा लागला. फोटोवाला आला, मोबाईलवर सगळं थेट दाखवणारा एक आला. वरच्या साहेबांनी आपला एक माणूस पाठवला होता. एसटीतून उतरलेले लोक थांबले, कारण फुकट बर्फी वाटत होते. छबुबाई रोजच्याच लुगड्यात, हाताला पीठ तसंच ठेवून येऊन बसली. राजनंदिनी फ्लेक्सच्या कडेला उभी होती, हातात मोबाईल.

सुंदरराव बोलायला उभे राहिले. महिला, माता, भगिनी, सगळं झालं. मग ते म्हणाले, "ह्या माऊलीचं अश्रू मी बगितलं. मनात आलं, आपल्या फ्लेक्सचा गरिबाला काय उपेग? मंग ह्यो स्कॅनर मी सोता लावला. नवीन जमाना हाय. काडा समद्यांनी मोबाईल! करा स्कॅन! बगा आपल्या छबुबाईनं आज काय केलंय!"

छबुबाईनं मान वळवून फ्लेक्सच्या कडेला बघितलं. तिथून राजनंदिनीनं मान हलवली.

मोबाईल वर झाले. मास्तरांचा झाला, ट्रकवाल्यांचा झाला, बर्फी खाणाऱ्यांचा झाला, वरच्या साहेबांच्या माणसाचा झाला. पिठलं नव्हतं, भाकरी नव्हती. एक फोटो होता, रस्त्यावरून काढलेला. त्यात अण्णांचा हसरा चेहरा, आणि त्या चेहऱ्यामागून येणारा चुलीचा धूर. खाली लिहिलं होतं,

'माझी खानावळ या फ्लेक्सच्या मागे सुंदररावांनी दाबली आहे. जागा त्यांनी दिली नाही, मी घेतली. सत्कार नको. सांगाडा काढा. — छबुबाई.'

मागच्या बाजूनं कुणीतरी फस्सकन हसलं. मग ते हसणं खुर्च्यांमधून पसरत पुढं आलं. थेट दाखवणाऱ्याला काय करावं कळेना, त्यानं मोबाईल आधी अण्णांकडं धरला, मग सांगाड्याकडं धरला. बजरंग जमिनीकडं बघत उभा राहिला. शाल अजून अण्णांच्या हातातच होती. ते वाकले आणि दातओठ खात छबुबाईच्या कानाशी बोलले, पण कर्णा चालू होता, त्यामुळं सगळ्या थांब्यानं ऐकलं.

"आत्ताच्या आत्ता फाडून टाकतो समदं."

"फाडा की," छबुबाई म्हणाली. तेही कर्ण्यातून गेलं. "नांदूरघाटापस्तोर फाडावं लागंल. आनी तुमच्याच मानसांनी तुमचंच तोंड फाडायचं, वाडदिवसाला. चौकोन झाका मनलं तर झाकून बगा. इतं काय व्हतं मनून रस्त्यानं जानारं प्वार इचारंल, आनी त्याला कोनबी सांगंल."

ती उठली. शाल अण्णांच्या हातातच राहिली, नारळ खाली घरंगळला. पदर कमरेला खोचून ती वळसा घालून आत गेली, कारण दुसरी वाट नव्हतीच, आणि तव्यावर भाकरी टाकली.

अण्णांनी त्या दिवशी खरोखर पोरं पाठवली. पोरं गावोगाव फ्लेक्स उतरवत गेली आणि लोक त्यांचे फोटो काढत राहिले. अण्णांचे कार्यकर्ते अण्णांचं तोंड मधोमध फाडून ट्रॅक्टरमध्ये टाकताहेत, असा देखावा या रस्त्यानं पूर्वी बघितला नव्हता. नांदूरघाटला एका म्हाताऱ्यानं, "अण्णा गेले का काय?" असंही विचारलं. दुपारी वरच्या साहेबांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, की तो सांगाडा आधी काढा, मग पुढचं बघू.

गॅस कटर आला. अँगलचा तुकडा तुकडा खाली पडत होता आणि छबुबाई दारात उभी राहून बघत होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. इतकी वर्षं गेलेली गिऱ्हाइकं त्या लोखंडाबरोबर परत येणार नव्हती, हे तिला माहीत होतं, आणि त्याचाही राग होता. संध्याकाळपर्यंत काँक्रीटचे दोन ठोकळे तेवढे उरले.

दुसऱ्या दिवशी खानावळीत पहिल्यांदाच थेट रस्त्याचा उजेड आला. राजनंदिनी पीठ मळता मळता थांबली. रस्त्यापलीकडच्या ओट्यावर अण्णांची बैठक भरली होती. सुंदरराव खुर्चीत बसून सरळ खानावळीकडं बघत होते. शेजारी बजरंगही बघत होता.

"आत्या, ते हिकडंच बगायलेत," ती हळूच म्हणाली. "ते गप बसनार न्हाईत. सूड घेत्याल बग."

छबुबाईनं भाकरी उलटली, मान वर केली आणि रस्त्यापलीकडं त्या दोघांच्या डोळ्यांत डोळे घालून बघत राहिली. सुंदररावांनी मान वळवली नाही. तिनंही वळवली नाही. भाकरी करपायला लागली होती.

"घिऊ दे," ती म्हणाली. "आता समोरून येऊन घ्यावा लागंल."